तुडूम कोण उघडणार?

गोंदियात पाऊस कमी पडत नाही. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरीही सप्टेंबरअखेर, धान निसवायच्या ऐन वेळी, दोन आठवड्यांची उघडीप पडली की दाणा भरत नाही. पूर्व विदर्भातले सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) या दोन आठवड्यांचे उत्तर आहेत. बहुतेक तलाव गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधले; नवेगाव बांध बांधण्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. अशा खंडाची तयारी आजच्या संस्थाही करतात: त्यांचे काम संकटात थांबू नये म्हणून आयएसओ २२३०१ हे मानक आहे. ते २०१२ साली आले. कोणते काम थांबून चालणार नाही, ते किती काळ थांबले तर निभेल, करणारा नसेल तर कोण करील, हे त्याचे मूळ प्रश्न. माझे म्हणणे असे, की या तलावांच्या गावांनी हे प्रश्न फार आधी सोडवले होते, आणि १९५१ नंतर आपण ते उत्तर हरवले.

हे उत्तर मातीच्या पाळीपेक्षा माणसांच्या वाटणीत होते. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची वाट. ती केव्हा आणि किती उघडायची, पाटाचे पाणी कोणत्या बांधीत आधी जायचे, हे पाणकर पाहायचा. उन्हाळ्यात गाळ निघायचा आणि तो शेतात पडायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरायचा, म्हणून एका गावाची हयगय पुढच्या गावाला भोवायची. गावाचे हक्क आणि रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेले असत. मासे धरणारा ढिवरही या व्यवस्थेचाच भाग होता.

मालगुजारीचे, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या व्यवस्थेचे, गोडवे गाऊ नका, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, त्या व्यवस्थेत बेगार होती, मालगुजाराची मर्जी होती. ३१ मार्च १९५१ रोजी तिचे हक्क संपले, हे न्याय्यच झाले. चूक पुढची आहे. मालकी सरकारकडे गेली, पण मालकीबरोबरची रोजची कामे कोणाच्या अंगावर, हे ठरले नाही. पुढे पाणीपट्टी लागली आणि ‘पाणी आमच्या हक्काचे’ म्हणणाऱ्या गावांशी वाद झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. दुरुस्ती निधीची वाट पाहू लागली आणि कित्येक तलावांत बेशरम हे तण माजले.

इटियाडोहसारखी धरणे झाल्यावर तलाव कशाला, हा दुसरा आक्षेप. पण कालवा पोचत नाही तिथे बोडीच कामी येते. शिवाय शेकडो लहान साठे एकाच वेळी निकामी होत नाहीत. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ काढायला आधार दिला, हे चांगलेच झाले. मात्र यंत्र गाळ काढून निघून जाते, आणि पुढच्या पावसात पाळ पाहायला माणूस लागतो. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर महिलांनी तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तिथे काम टिकले ते जबाबदारी गावातल्या माणसांनी घेतली म्हणून.

गोंदियाच्या ग्रामसभांना माझी एवढीच विनंती आहे: तलावाच्या नोंदीत क्षेत्रफळाशेजारी पाणकराचे नाव लिहा, आणि त्याखाली तो नसेल तेव्हा तुडूम उघडणाऱ्याचे.