शंभर जंतूंचा नियम

मंडळी, आमच्या लहानपणी गावात पटकीचं नुसतं नाव निघालं तरी मोठी माणसं मरीआईला हात जोडत. पटकी म्हणजे कॉलरा. तो पाण्यातून पसरतो हे आज शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण पिण्याच्या पाण्याला पास-नापास ठरवणारा आकडा कसा आला, ती हकिकत मजेशीर आहे.

१८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याची मोठी साथ आली. शेजारी खेटूनच आल्टोना शहर (आता ते हॅम्बुर्गातच आहे). दोघंही एल्बे नदीचंच पाणी पीत. हॅम्बुर्ग वरच्या अंगाला पाणी उचले, पण न गाळता. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यावर! पण वाळूच्या थरांतून सावकाश गाळून. हॅम्बुर्गात साडेआठ हजारांवर माणसं दगावली, आल्टोनात त्या मानाने फारच थोडी. हद्दीवरच्या एका चाळवजा वस्तीचा पत्ता हॅम्बुर्गचा, पण नळ आल्टोनाचा. ती वस्ती वाचली. रॉबर्ट कॉख यांनी हे बारकाईने नोंदवून ठेवलं.

खरी गंमत पुढेच आहे. १८९३ च्या जानेवारीत आल्टोनातही कॉलरा निघाला. कडाक्याच्या थंडीत वाळूची एक गाळणी गोठून बिघडली होती, आणि तिचं पाणी बाकीच्या चांगल्या पाण्यात मिसळून घरोघर गेलं होतं. वर्गाची सरासरी उत्तम असली की नापास पोरगं झाकलं जातं, त्यातलाच प्रकार.

म्हणून नियम झाला: प्रत्येक गाळणीचं पाणी वेगळं आणि रोज तपासायचं. पाणी जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर पसरायचं, जंतू वाढले की ठिपके मोजायचे. एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण वीसेक थेंबांत, शंभराहून जास्त भरले तर ते पाणी नळाला सोडायचं नाही. मला स्वतःला त्या शंभरापेक्षा ‘प्रत्येक’ आणि ‘रोज’ हे दोन शब्द मोलाचे वाटतात. तुरटी फिरवलेलं पाणीही आरशासारखं दिसतं. डोळ्यांना त्यातलं काय कळणार?

आज आपल्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. असो. तुमच्या सोसायटीत किंवा गावी पाण्याची टाकी शेवटची कधी तपासली, तो कागद कुणी पाहिलाय का? पाहिला असेल तर जरूर कळवा.