टूरिंग कार शर्यती (भारत)

बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये नियमांच्या चौकटीत बदल करून बंदिस्त मार्गावर खेळला जाणारा शर्यतींचा प्रकार. गाडीचा बाहेरचा आकार मूळचाच राहतो. आतल्या मागच्या सीट, गालिचे आणि अस्तर काढून वजन उतरवतात, चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात आणि इंजिनाला किती हात लावायचा हे नियमावली ठरवते. पोर्शे, फेरारी, ॲस्टन मार्टिन यांसारख्या वेगवान गाड्यांसाठी ग्रँड टूरिंग, म्हणजे जीटी, हा वरचा वर्ग असतो. ब्रिटनमधील टूरिंग कार स्पर्धा १९५८ पासून, अमेरिकेतील ट्रान्स-ॲम १९६६ पासून आणि जर्मनीतील डीटीएम १९८४ पासून ओळखली जाते. १९९० मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या वर्ल्ड चॅलेंज मालिकेत टूरिंग आणि जीटी हे दोन्ही वर्ग होते. भारतात राष्ट्रीय मोटार शर्यत स्पर्धेतील ‘इंडियन टूरिंग कार्स’ (आयटीसी) हा या प्रकारातला मुख्य वर्ग आहे.

भारतात हा खेळ विमानांच्या धावपट्टीवर वाढला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा देशात शर्यतींसाठी बांधलेला मार्ग नव्हता. लांब, सपाट आणि रहदारी नसलेली जागा विमानतळावरच मिळे. मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मुंबईत जुहू येथे शर्यती होत. जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. धावपट्टीवरच्या शर्यतीची एक खासियत होती. लांबच लांब सरळ पट्ट्यात गाडी पुरती वेगात येई आणि शेवटी एकदम आखूड वळण घ्यावे लागे. त्या काळच्या ड्रम ब्रेकना ही परीक्षा जड जाई. चार-सहा फेऱ्यांत ब्रेक तापले की पेडल खाली जाऊ लागे, मग गिअर उतरवून इंजिनाच्या ओढीवरच वेग मारावा लागे. पुढे विलेपार्ले-जुहूची वस्ती विमानतळाच्या कुंपणापर्यंत आली. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरची वर्दळ असते.

मुंबई उपनगरांत जुहूहून मोठे योगदान कुर्ल्याचे आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी गाडी आणणे संस्थानिकांना आणि मोजक्या धनिकांनाच परवडे. बाकीच्यांसमोर तीनच पर्याय होते: उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि कुर्ल्याची फियाट. हलकी, चपळ आणि सुट्या भागांना स्वस्त असलेली फियाट शर्यतवाल्यांची लाडकी ठरली. तिचे इंजिन अवघे १,०८९ सीसीचे. गॅरेजमध्ये त्याचे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवत, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर चढवत, कॅमशाफ्ट बदलत, स्प्रिंगा कापून गाडी बसकी करत. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर घाईत अडखळे, म्हणून तो खाली जमिनीवर आणणे हा ठरलेला बदल होता. ही कामे करणारे मिस्त्री एरवी रोजच्या टॅक्सीच दुरुस्त करत. भारतीय टूरिंग कारचे तंत्र या हातांनी घडवले. चालकांची नावे राहिली, मिस्त्र्यांची राहिली नाहीत, ही या खेळाच्या इतिहासातली खरी उणीव आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

१९७१ मध्ये मोटार क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ (एफएमएससीआय) स्थापन झाला. मद्रास मोटार स्पोर्ट्‌स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७१७ किमी लांबीचा कायमचा मार्ग बांधला आणि १९९० पासून तो वापरात आला. कोइम्बतूरला शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाने २००३ मध्ये दुसरा मार्ग तयार झाला. मुंबईत मार्ग झाला नाही. इथली ऊर्जा रॅलीकडे वळली, कारण रॅलीला घाटरस्ता पुरतो. १९८० मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीमागे मुंबईचे नाझिर हुसेन होते. पुढे ते जागतिक मोटार क्रीडा परिषदेवर गेले. सर्किटवरची टूरिंग कार स्पर्धा मात्र तमिळनाडूत स्थिरावली, आणि आयटीसीमध्ये अनेक विजेतेपदे मिळवणारे अर्जुन बालू कोइम्बतूरचेच आहेत. मारुती ८०० (१९८३), एस्टीम आणि होंडा सिटी येत गेल्या तशा रांगेतल्या गाड्या बदलल्या.

महाराष्ट्र पुन्हा चित्रात आला तो चाकणमुळे. फोक्सवॅगनने २००९ मध्ये तिथे कारखाना उघडला आणि २०१० मध्ये पोलो कप सुरू केला. सर्वांना एकसारखी गाडी, म्हणजे फरक चालकाचा, असे या मालिकेचे तत्त्व. पोलोनंतर २०१५ मध्ये व्हेंटो आणि २०१७ मध्ये अमिओ आली. शर्यतीच्या अमिओला १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते, ताकद सुमारे २०५ अश्वशक्ती. गिअर क्रमाने, स्टिअरिंगमागच्या पाकळ्या ओढून पडत. कुर्ल्याच्या फियाटची ताकद याच्या पाव भागाइतकीही नव्हती. मुंबईचा ईशान दोढीवाला आणि कोल्हापूरचा ध्रुव मोहिते हे या मालिकांतून पुढे आले. परदेशात बंगळूरचा अर्जुन मैनी २०२१ पासून डीटीएममध्ये उतरतो. तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय.

नवे चालक तयार होतात कार्टिंगमधून. पवईच्या हिरानंदानी वसाहतीतल्या कार्ट ट्रॅकवर उपनगरांतल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरले. मुंबईच्या रायोमंड बनाजी यांनी स्वतः राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून पुढे प्रशिक्षण सुरू केले. फॉर्म्युला २ मध्ये शर्यती जिंकलेला जेहान दारूवाला त्यांच्याच तालमीतला. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या कोल्हापूरलाही झाल्या आहेत.

कार्टिंगच्या पुढची वाट मात्र अजूनही मुंबईबाहेरच जाते. मुंबई महानगर प्रदेशात राष्ट्रीय दर्जाचा मोटार शर्यत मार्ग नाही. अंधेरी किंवा मुलुंडच्या चालकाला टूरिंग कार स्पर्धेच्या एका फेरीसाठी गाडी ट्रकवर चढवून, मेकॅनिक आणि टायर घेऊन सुमारे १,३०० किमीवरच्या चेन्नईला जावे लागते. हौस आणि कौशल्य असूनही मध्यमवर्गीय कुटुंबांतली मुले इथेच गळतात. गाडी बनवणाऱ्या आणि तिची जाण असलेल्या या महानगराने एक मार्ग उभारणे ही आता चैन राहिलेली नाही. राज्य शासनाने आणि इथल्या वाहन उद्योगाने ते काम हाती घ्यायला हवे.