टोपणनांवाचा आडपडदा

'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ सालीं व 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी १९३४ सालीं निघाली, तेव्हां विभावरी शिरूरकर ही व्यक्ति कोण, ह्या चौकशींतच आमच्या सुशिक्षित वाचकवर्गाचा बराच उत्साह खर्ची पडला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीची घुसमट त्या पानांत होती, ती मात्र पुष्कळांस पचली नाहीं. प्रकाशक ह. वि. मोटे ह्यांना लेखिका ठाऊक होती. ती म्हणजे हिंगण्यास शिकलेल्या बाळूताई खरे, पुढें मालती बेडेकर.

ह्याच बाईंनीं के. ना. केळकरांसह 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' हा ग्रंथ लिहिला होता, आणि तो स्वतःच्या नांवानें. शास्त्र काय सांगतें हें लिहावयास नांव चाले; तें बाईच्या जिवास कसें जाचतें हें लिहितांना पडदा लागे! इंग्रजींत मेरी अ‍ॅन एव्हान्स जॉर्ज इलियट झाल्या. आमच्या लेखिकेनें नांव घेतलें तें बाईचेंच, म्हणून 'बाईनें असें लिहावें काय?' हा प्रश्न कांहीं टळला नाहीं.

१९३७ पासून कांहीं वर्षें त्या सरकारी नोकरींत सोलापूरकडील 'गुन्हेगार' जमातींच्या वसाहतींवर देखरेख करीत. १८७१ च्या कायद्यानें ज्यांच्या कपाळीं जन्मतःच गुन्हा लिहिला, त्यांचें तारेच्या कुंपणाआडचें जिणें त्यांनीं तेथें रोज पाहिलें. 'बळी' ही कादंबरी त्यांतून १९५० सालीं आली. तिच्यावरही नांव शिरूरकरांचेंच आहे.