कारणे द्या : खेळाडूची शिष्यवृत्ती एकाच वर्षाची का?



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं, "आठवणींची पानं केव्हाच भरली आहेत, तू दुसरं काहीतरी लिही." त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीने प्रश्न टाकला होता. तिची मुलगी टेनिस खेळते आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला क्रीडा शिष्यवृत्तीबद्दल विचारलं आहे. "पण तिकडे गेल्यावर गुडघाच गेला तर? फी कोण भरणार?" मी टेक्सासमध्ये राहते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी शिकले इंजिनिअरिंग, नोकरी सॉफ्टवेअरची. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना थेट इतिहासात शिरावं लागलं. तेव्हा परीक्षेत लिहायचो तसं "कारणे द्या"चं हे सविस्तर उत्तर. इतिहासाच्या बाईंनी तपासून गुण द्यावेत.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं. हे झालेल्या कामगिरीचं बक्षीस आहे. नंतर पाय मोडला म्हणून बोर्ड कुणाचे गुण परत मागत नाही. अमेरिकन कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती मात्र पुढे खेळण्यासाठी दिलेली असते. फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं असा मोठा खर्च कॉलेज उचलतं, तो मुलगी संघातून उतरेल म्हणून. त्यामुळे दुखापत थेट व्यवहाराच्या मुळावरच येते.

या व्यवहाराचे नियम करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचा जन्मच दुखापतींतून झाला. १९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना अनेक तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि १९०६ मध्ये ही संघटना उभी राहिली. खेळासाठी पैसे द्यावेत का, यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. चोरून पैसे दिले जातच होते. १९४८ मध्ये संघटनेने कडक नियम केले, पण ते पाळले गेले नाहीत आणि १९५१ मध्ये रद्द झाले. अखेर १९५६ मध्ये केवळ खेळाच्या जोरावर पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला अधिकृत परवानगी मिळाली.

इथेच एक अडचण उभी राहिली. खेळण्याच्या बदल्यात मोबदला मिळतो, तर मग खेळाडू कॉलेजचा कर्मचारी नाही का? आणि कर्मचारी असेल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई नको का? कोलोरॅडो राज्यात हा प्रश्न दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्नेस्ट नेमेथ हा डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू. सरावात त्याची पाठ दुखावली. विद्यापीठात तो साफसफाईसारखी कामं करत असे आणि ते काम त्याच्या फुटबॉलशी बांधलेलं होतं, हे पाहून न्यायालयाने १९५३ मध्ये त्याची भरपाई कायम केली. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये न्यायालयाने तिला नकार दिला. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं त्यामागचं कारण होतं.

याच काळात "स्टुडंट-अ‍ॅथलीट" हा शब्दप्रयोग रूढ करण्यात आला. वाचताना तो किती सात्त्विक वाटतो! पण एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ च्या आपल्या पुस्तकात सांगून टाकलं, की खेळाडूंना कर्मचारी ठरवलं जाईल या भीतीपोटी हा शब्द घडवला आणि सगळीकडे वापरायला लावला. म्हणजे भरपाई टाळण्याची सोय एका शब्दात करून ठेवली गेली.

दुसरी सोय १९७३ मध्ये झाली. तोपर्यंत चार वर्षांची शिष्यवृत्ती देता येत असे. शिष्यवृत्ती घेऊन खेळणं सोडणाऱ्या मुलांवर वचक हवा, असं क्रीडा विभागांचं म्हणणं होतं. म्हणून ती जास्तीत जास्त एका वर्षाची आणि दरवर्षी नूतनीकरणाची केली. चालू वर्षात दुखापतीमुळे शिष्यवृत्ती काढता येत नसे. पण वर्ष संपल्यावर नूतनीकरण न करणं प्रशिक्षकाच्या हाती आलं. दुखापतग्रस्त खेळाडूची खरी कोंडी झाली ती इथे. सामना खेळायला पाय नाही आणि पुढच्या वर्षाची फी भरायला पैसे नाहीत.

त्याच्या पुढच्याच वर्षी केंट वॉल्ड्रेपचं प्रकरण घडलं. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा हा खेळाडू ऑक्टोबर १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेवर पडला आणि कायमचा लुळा झाला. वय वीस. पुढे त्याने भरपाईसाठी दावा केला. १९९३ मध्ये राज्याच्या आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, पण विमा कंपनी न्यायालयात गेली. सामन्यातल्या त्या क्षणानंतर जवळजवळ २६ वर्षांनी, २००० मध्ये, अपील न्यायालयाने तो कर्मचारी नव्हता हे कायम केलं. दुसरं प्रकरणही टेक्सासचंच. राइस विद्यापीठाच्या जोसेफ अ‍ॅग्न्यूला दुखापती झाल्या, त्याला आणणारे प्रशिक्षक दुसरीकडे गेले आणि त्याची शिष्यवृत्ती बंद झाली. त्याने २०१० मध्ये एक वर्षाच्या नियमालाच आव्हान दिलं. २०१२ मध्ये तो तांत्रिक मुद्द्यावर हरला.

पण तोवर वारं फिरलं होतं. एकाहून अधिक वर्षांच्या शिष्यवृत्तीला २०११ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. ती रद्द करावी म्हणून कॉलेजांनी मतदान घेतलं. त्यासाठी ६२.५ टक्के मतं हवी होती, पडली ६२.१२ टक्के. म्हणजे बहुसंख्य कॉलेजं विरोधात असताना हा बदल केसाच्या अंतराने वाचला! २०१५ मध्ये पाच मोठ्या गटांतल्या ६५ कॉलेजांनी ठरवलं, की खेळातल्या कामगिरीमुळे किंवा दुखापतीमुळे शिष्यवृत्ती काढायची नाही. ऑगस्ट २०२४ पासून असं संरक्षण संपूर्ण डिव्हिजन वनला लागू झालं. शिवाय खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं मिळायला हवा, असा नियम आला.

आज दुखापत झाली तर साधारण दोन वाटा असतात. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात इजा झाली आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सामने खेळलेले नसले, तर ते वर्ष मोजू नये असा अर्ज करता येतो आणि खेळायला एक हंगाम परत मिळतो. इजा कायमची असेल तर डॉक्टरांच्या निर्णयावरून खेळाडूला वैद्यकीय कारणाने निवृत्त करतात. शिष्यवृत्ती चालू राहते, पण त्या कॉलेजकडून पुन्हा खेळता येत नाही. म्हणून अशा कागदावर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलेलं बरं.

तेव्हा मैत्रिणी, पत्र हातात आलं की एवढं विचार. शिष्यवृत्ती किती वर्षांची आणि खर्चाच्या किती भागाची? कॉलेज डिव्हिजन वनचं की टूचं? कारण २०२४ चं संरक्षण वनचं आहे. विमा कोण काढणार, आणि त्यातून न सुटणारी रक्कम कोण भरणार? शिष्यवृत्ती कमी केली तर दाद मागण्याचा हक्क असतो आणि सुनावणी क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे होते. ती पद्धत लेखी मागून घे. लेकीचा व्हिसा पूर्णवेळ शिक्षणावर उभा आहे. त्यामुळे फी थांबली तर प्रश्न फक्त टेनिसचा राहत नाही. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं आणि सगळं डिव्हिजन थ्री खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथली मदत खेळावर ठरत नाही, म्हणून ती गुडघ्यावर अवलंबून नसते. तोही पर्याय बघ.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचा एकेरी विजेता झाला. उंच उडीत तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं. मुलीने जरूर जावं. फक्त प्रशिक्षक फोनवर गोड बोलले म्हणून विसंबू नये. ते उद्या दुसऱ्या कॉलेजात जातील; पत्रात लिहिलेलं असेल तेवढंच आपलं.

ग्रुपमधल्या आणखी कुणाची मुलं याच वाटेवर असतील तर निःसंकोच फोन करा. पत्र एकत्र बसून वाचू.