पदवीवर आईचं नाव
मुंबई विद्यापीठ १८५७चं, पण मुलींना पदवीची दारं उघडायला १८८३ उजाडलं. १८८८मध्ये पहिली पदवीधर झाली कॉर्नेलिया सोराबजी, तीही पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून! कमला भागवत, म्हणजे पुढच्या सोहोनी, १९३३ला बी.एस्सी.त पहिल्या आल्या. तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामनसाहेबांनी, मुलगी म्हणून, आधी प्रवेशाला नकारच दिला.

मला मात्र भारी वाटते कागदावरची एक ओळ. डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू असताना (१९९५–२०००) पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव आलं. बालशल्यविशारद बाई, आया जवळून पाहिलेल्या.

लालबागला खानावळ चालवून, गिरणी कामगारांना जेवू घालून आईनं मला बी.ए. केलं. माझ्या प्रमाणपत्रावर फक्त वडील. लेकीच्या प्रमाणपत्रावर आई म्हणून मी आहे. आईला दाखवलं, तर म्हणाली, "स्पेलिंग बघितलंस का नीट?"