किरणोत्सर्गी द्रव्यांची हजेरी



शाळेंतील हजेरीपट हें सर्वांत नीरस पुस्तक. परंतु एखादें मूल सकाळीं घरून निघालें आणि शाळेंत पोंचलें नाहीं, तर तें प्रथम कळतें याच नीरस पुस्तकावरून. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तोही एका हजेरीचाच आहे. मात्र ती विद्यार्थ्यांची नव्हे, तर किरणोत्सर्गी द्रव्यांची.

क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं रेडियमचा शोध जाहीर केला, तेव्हांपासून असलीं द्रव्यें मनुष्याच्या सेवेंत आहेत. कर्करोगाच्या उपचारांत कोबाल्ट व सीझियम वापरतात. खाणींत आणि कारखान्यांत मापनासाठींही त्यांचा उपयोग होतो. शिशाच्या जाड आवरणांत तीं असतात, तोंवर भय नाहीं. परंतु त्यांच्या किरणांना रंग नाहीं, गंध नाहीं, स्पर्शही नाहीं. शिवाय मालक विसरला म्हणून त्यांचें तेज मावळत नाहीं. सीझियम १३७ अर्धें होण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. म्हणून असली वस्तु कोठें आहे हें सदैव लिहून ठेवणें, आणि ती जागेवर न दिसल्यास तत्काळ बोभाटा करणें, हाच एक उपाय उरतो.

मेक्सिकोंतील हुआरेझ शहरीं एका इस्पितळानें १९७७ सालीं कोबाल्टचें उपचारयंत्र विकत घेतलें आणि तें न वापरतां कोठारांत टाकून दिलें. १९८३ च्या डिसेंबरांत तें भंगारांत गेलें. त्यांतील सुमारें ६,००० बारीक गोळ्यांपैकीं बऱ्याचशा भंगाराबरोबर भट्टींत वितळल्या व त्यांच्या सळया झाल्या. हें कोणाच्याही नोंदवहींतून उघड झालें नाहीं. १९८४ च्या १६ जानेवारीस सळयांनीं भरलेला एक ट्रक वाट चुकून अमेरिकेंतील लॉस अलामॉस या अणुप्रयोगशाळेच्या दाराशीं गेला आणि तेथील संवेदक यंत्रानें इशारा दिला, तेव्हां जग जागें झालें. पुढें मेक्सिकोंत त्या सळयांनीं बांधलेल्या शेंकडों इमारती पाडाव्या लागल्या.

याहून करुण हकीकत ब्राझीलमधील गोयानिया शहराची. तेथील एक उपचारसंस्था १९८५ च्या अखेरीस दुसऱ्या जागेंत गेली. सीझियमचें यंत्र मात्र तिनें जुन्या इमारतींतच ठेवलें आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस तसें कळविलें नाहीं. इतिहास येथेंच घडला. पुढें घडलें तें त्याचें फळ. १९८७ च्या सप्टेंबरांत दोघांनीं त्या ओसाड इमारतींतून यंत्राचा भाग काढून नेला व भंगारवाल्यास विकला. आंतील चूर्ण रात्रीं निळसर चमके. नवल म्हणून तें आप्तेष्टांत वांटलें गेलें. माणसें एकामागून एक आजारी पडूं लागलीं, तेव्हां या चमकणाऱ्या वस्तूंतच कांहीं दोष आहे, अशी शंका प्रथम आली ती भंगारवाल्याच्या पत्नीला. २८ सप्टेंबरला तिनें ती वस्तु पिशवींत घालून, बसमधून, आरोग्यखात्याच्या कचेरींत पोंचविली. दुसऱ्या दिवशीं एका पदार्थविज्ञानज्ञानें मापकयंत्र आणलें. कांटा इतका चढला कीं यंत्रच बिघडलें असें समजून त्यानें दुसरें मागविलें! सुमारें १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जण दूषित आढळले व चौघे मरण पावले. त्यांत ती स्त्री होती, आणि तिची सहा वर्षांची पुतणीही. परवानाधारकांनीं जी सूचना द्यावयाची, ती अखेर एका निरक्षर वस्तीच्या शहाणपणानें दिली असें नव्हे. ती दिली एका दक्ष गृहिणीनें, आणि तिची किंमतही तिनेंच भरली.

आपल्या देशांतही हा पाठ गिरवला गेला. दिल्ली विद्यापीठांतील एक जुनें कोबाल्टयंत्र १९८५ पासून वापरांत नव्हतें. २०१० च्या फेब्रुवारींत तें लिलावांत निघालें, आणि एप्रिलांत मायापुरीच्या भंगारबाजारांत अनेकांना त्याची बाधा होऊन एकाचा मृत्यु झाला.

आतां उलट बाजू पाहूं. २०२३ च्या जानेवारींत पश्चिम ऑस्ट्रेलियांत एका खाणीपासून पर्थकडे जातांना सीझियमची एक कुपी ट्रकांतून पडली. तिचा व्यास ६ व उंची ८ मिलिमीटर. वाट मात्र १,४०० किलोमीटरची! पेटी १६ जानेवारीस पोंचली, पण २५ तारखेस उघडली, तेव्हां कुपी नाहींशी असल्याचें कळलें. हे नऊ दिवस हजेरीविना गेले, हा दोष खराच. परंतु त्यानंतर कोणी लपवालपव केली नाहीं. २७ तारखेस सर्व जनतेस सावध करण्यांत आलें, आणि १ फेब्रुवारीस मापकयंत्रें लावलेल्या मोटारीला ती रस्त्यापासून दोन मीटरांवर सांपडली. कोणालाही इजा झाली नाहीं.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें १९९५ पासून अशा घटनांची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि २००३ सालीं राष्ट्रांसाठीं आचारसंहिता संमत केली. आपल्याकडे यासाठीं १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. नियम, यंत्रें, मंडळें सर्व आवश्यकच आहेत. तथापि त्या साऱ्यांच्या मुळाशीं एक मनुष्य असतो. कोठाराचें दार उघडून तो वस्तु मोजतो. एक कमी भरली, तर शिक्षेच्या भीतीनें ‘हजर’ असें लिहावें, कीं ‘गैरहजर’ लिहून वरिष्ठांकडे धांवत जावें, हें त्याला त्या क्षणीं ठरवावें लागतें. जो समाज खरें लिहिणाऱ्यास आधीं दंड करतो, त्याच्या वह्या नेहमीं पूर्ण भरलेल्या दिसतात. सहा वर्षांच्या मुली मात्र अशाच वह्यांमुळें प्राणांस मुकतात.