‘हळूहळू’ हा शब्द कुठून आला?

सावंगीहून वर्ध्याच्या शाळेत सायकलनं जाता-येता माझी नोकरी संपली. मराठी शिकवायचो. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तिच्यासोबत स्वतःचं मत मांडायचा ‘स्वमत’ हा प्रश्न आला, आणि आमचे पोट्टे स्वमतही गाईडातून पाठ करून यायला लागले. एकदा तर अर्ध्या वर्गाचं मत स्वल्पविरामासकट एकच निघालं!

मग मी नववीच्या वर्गात दोन कागद नेले, दोन्ही आपल्याच वर्ध्याचे. पहिला गांधीजींचा, ‘हरिजन’मधल्या लेखांचा. शाळेतल्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, किंबहुना तीच या शिक्षणाची खरी कसोटी, असं त्यांचं म्हणणं. दुसरा कागद २२-२३ ऑक्टोबर १९३७ला मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, भरलेल्या शिक्षण परिषदेच्या ठरावाचा. सात वर्षं मोफत नि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. आणि या पद्धतीतून शिक्षकांचा पगार ‘हळूहळू’ निघेल, ही अपेक्षा.

‘‘काय बदललं?’’ मी विचारलं. बराच वेळ सगळे गप्प. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण उठला. ‘‘सर, सूत कमी निघालं त पगार कापाचा का तुमचा?’’

वर्ग हसला. मी नाही हसलो, कारण परिषदेतला वाद याच्याच आसपास होता. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांना ही स्वावलंबनाची कल्पना पटली नव्हती. झाकिर हुसेन यांनीही गांधीजींच्या समोरच शंका काढल्या. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. त्यांनी शंका घेणाऱ्याला गप्प बसवलं नाही. अभ्यासक्रम आखायच्या समितीचे अध्यक्ष झाले झाकिर हुसेनच. आणि २ डिसेंबर १९३७च्या अहवालात समितीनं स्वतःच्याच योजनेतला धोका लिहून ठेवला: कमाईच्या नादात शिक्षक मुलांकडून नुसती मेहनत उपसत बसतील.

पुढं ही योजना ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली, मूलोद्योगाच्या तासाला टकळी फिरली, गावोगावच्या शाळांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी पाटी लागली. पाटी टिकली, पण वाद पाठ्यपुस्तकात आला नाही. तिथं उरली टीप: नई तालीम, दोन गुण.

त्या पोराला मी फळ्याजवळ बोलावलं आणि ‘हळूहळू’ या शब्दाखाली रेघ मारायला लावली. मास्तरांनो, तुमच्या वर्गात एकदा हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून बघा. गाईड मात्र तेवढा वेळ दप्तरात राहू द्या.